चामडं आणि आयरिस: महागडी बाटली घेण्याआधी काय हुंगायचं

चामडं-आयरिस जातीच्या परफ्यूमचा निकाल बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत लावून टाकतात. मॉलमधलं काउंटर, एसी फुल, आजूबाजूला पन्नास बाटल्यांचा घमघमाट, आणि समोर फवारा मारलेली कागदाची पट्टी हलवत उभी असलेली विक्रेती. या दहा मिनिटांत नाकाला मिळतं ते अल्कोहोल, बर्गमॉट नावाचं लिंबूवर्गीय फळ, फार तर थोडी वेलची नाहीतर केशर. ज्याचे पैसे मोजायचे तो भाग तासाभरानं सुरू होतो आणि चौथ्या तासापर्यंत त्याचं खरं-खोटं कळतं: आयरिस आणि चामडं एकमेकांना धरून राहिलेत, की आयरिस निघून गेलं आणि खाली नुसता धुरकट चामड्याचा पट्टा उरलाय. पन्नास मिलिलिटरला पंधरा-वीस हजार घेणाऱ्या निश (छोट्या, खास परफ्यूम बनवणाऱ्यांच्या) बाटल्यांतही ही दुसरी गत सर्रास होते.

ती का होते हे कळायला दोन्ही बाजूंना नेमकं काय असतं ते आधी माहीत हवं.

आयरिसचा वास फुलातून काढत नाहीत, जमिनीतल्या गड्ड्यांतून काढतात. आयरिस पॅलिडा आणि आयरिस जर्मानिका या दोन जाती मुख्य. इटलीतला टस्कनी, मोरोक्को आणि चीन इथे त्यांची लागवड होते. गड्डे तीनेक वर्षं जमिनीत वाढवतात, मग उपटून, सोलून, वाळवून आणखी दोन-तीन वर्षं कोठारात ठेवतात. ताज्या गड्ड्याला सांगण्यासारखा वास नसतो. साठवणीच्या काळात आतल्या इरिडाल नावाच्या द्रव्यांचं सावकाश ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून इरोन तयार होतात, तोच आयरिसचा वास. मग वाफेनं अर्क काढला की हाती येतं ते ओरिस बटर (ओरिस म्हणजे आयरिसचं वाळलेलं मूळ). हे नेहमीच्या तापमानाला घट्ट असतं, कारण त्यात बहुतांश मिरिस्टिक आम्ल असतं आणि इरोन जेमतेम 15 टक्क्यांच्या आसपास. आम्ल काढून टाकलं की ॲब्सोल्यूट मिळतं, ज्यात इरोनचं प्रमाण 70 टक्क्यांच्या पुढे जातं आणि किंमत कित्येक पट. पाच-सहा वर्षं अडकून पडलेला माल महाग असणारच.

म्हणून बहुतेक परफ्यूममधलं आयरिस हे थोडं ओरिस आणि पुष्कळसं आयोनोन अशा मिश्रणातून उभं केलेलं असतं. यात फसवणूक काही नाही. 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर इरोनचाच शोध घेत होते, त्यात त्यांच्या हाती आयोनोन लागलं. ते बनवायला सिट्रल लागतं, आणि सिट्रल म्हणजे आपल्या चहात पडणाऱ्या गवती चहाच्या वासाचा गाभा. सिट्रल आणि ॲसिटोन यांची सांगड घालून, पुढे आम्लाची प्रक्रिया केली की व्हायोलेटच्या फुलाच्या वासाचं आयोनोन तयार होतं. त्याचा भाऊबंद अल्फा-आयसोमिथाइल आयोनोन हा युरोपच्या ॲलर्जी-यादीत आहे, त्यामुळे तिकडच्या मालाच्या खोक्यावर घटकांत त्याचं नाव छापावं लागतं. इरोनचं नाव छापण्याची तशी सक्ती नाही. तेव्हा खोकं उलटं करून बघा. आयसोमिथाइल आयोनोनचं नाव दिसलं तर आयरिसचा बराच भार मिथाइल आयोनोनवर असण्याची शक्यता धरा. सोबत कुमारिन हे गोड वासाचं द्रव्यही असेल, तर पुढे गोड पावडरीकडे झुकण्याची तयारी ठेवा.

चामड्याची गोष्ट वेगळी. चामड्याचा अर्क असा काही वापरात नाही. परफ्यूमर तो वास जुळवून आणतो. शुद्ध केलेलं बर्च टार, म्हणजे बर्च झाडाच्या सालीचं डांबर, धुराचा आणि डांबराचा वास देतं. जुनिपरच्या लाकडातून काढलेल्या केड तेलाचं कामही तसंच. आयसोब्युटाइल क्विनोलिन (पुढे नुसतं क्विनोलिन) कडवट, हिरवट, मुळांसारखं आणि जरा रबरी लागतं. कॅस्टोरियम, म्हणजे बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतलं द्रव्य, जनावराचा ऊबदारपणा आणतं, जो आता बहुधा कृत्रिम बेसमधून येतो. स्टायरॅक्स आणि लॅब्डनम खालची राळ पुरवतात. सॅफ्रालीनसारखी द्रव्यं केशराच्या अंगानं जाणारं मऊ, आधुनिक चामडं देतात. कच्चं बर्च टार वापरायला इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनी मनाई आहे, कारण त्यातले बहुचक्री हायड्रोकार्बन अपायकारक. म्हणून आजचं ‘रशियन लेदर’ जातीचं परफ्यूम शंभर वर्षांपूर्वीच्या चालीवर जाऊच शकत नाही, आणि तशी तुलना करून आजच्या परफ्यूमरला नापास करण्यात अर्थ नाही.

आता या दोघांचा सांधा. क्विनोलिनमध्ये मुळांचा, मातीचा कडवटपणा असतो. ओरिसमध्येही गाजर, माती आणि किंचित चामड्याची छटा असते. त्यामुळे हे दोन वास एकमेकांत शिरू शकतात. पूर्वी फ्रान्समधल्या ग्रास गावचे हातमोजे बनवणारे कमावलेल्या कातड्याचा उग्र दर्प झाकायला सुगंध वापरत, तेव्हापासून ही संगत जुळलेली आहे. मात्र दोघांची टिकण्याची ताकद सारखी नाही. क्विनोलिन आणि टार पट्टीवर दिवसेंदिवस रेंगाळतात. आयोनोन त्वचेवर काही तासांत विरळ होतं. खरं ओरिस त्यामानानं जास्त टिकतं, पण परवडावं म्हणून त्याचं प्रमाण थोडं ठेवतात. मग तिसऱ्या तासाला आयरिसची जागा पांढरे मस्क (कृत्रिम कस्तुरी) भरून काढतात, आणि घालणाऱ्याला वाटतं आयरिस अजून आहे. तेव्हा जे उरलेलं असतं ते धुतलेल्या कपड्याचं मस्क असतं.

हा फरक ओळखायला मुंबईत एक अडचण आहे: टाल्कम पावडर. उन्हाळ्यात मानेवर-पाठीवर पावडर थापून वाढलेलं नाक ‘पावडरी’ म्हटलं की लगेच त्या डब्याकडे धावतं. टाल्कमचा वास गोड असतो. त्यात कुमारिन, हेलिओट्रोपिन, मस्क, कधी जिरेनियम. ओरिसचा पावडरीपणा थंड आणि कोरडा. त्यात भिजवलेल्या कणकेची आंबूस-पिठूळ छटा असते, गाजराची साल असते, आणि जुन्या लिपस्टिकचा मेणचट वास असतो. गोडवा जवळजवळ नाही. परफ्यूम हुंगताना गोड काढून टाकलं तर काय उरतं, असं स्वतःला विचारायचं. काहीच उरलं नाही, तर ते आयरिस नावापुरतं.

नाकाला खरी ओळख करून द्यायची असेल तर भेंडी बाजारातल्या युनानी औषधांच्या दुकानात ईरसा मागा. हे आयरिसचंच वाळलेलं मूळ. तुकडा मोडून ताज्या मोडीचा वास घ्या. दर्जा कमी-जास्त असतो, कधी जुनाट धुळीशिवाय काही लागत नाही, पण चांगला तुकडा मिळाला तर आयरिस म्हणजे काय हे पाच मिनिटांत कळतं. प्रिन्सेस स्ट्रीट आणि मस्जिद बंदरच्या सुगंधी रसायनांच्या व्यापाऱ्यांकडे मिथाइल आयोनोन आणि आयसोब्युटाइल क्विनोलिन छोट्या मापात मिळालं तर त्याहून उत्तम. आयोनोन 10 टक्के आणि क्विनोलिन 1 टक्का इतकं पातळ करून फक्त कागदाच्या पट्टीवर हुंगायचं. कच्चं द्रव्य अंगाला लावायचं नाही. क्विनोलिन 1 टक्क्यालाही किती दांडगं आहे हे पाहिलं की परफ्यूमर जर्मेन सेलिएनं 1944 च्या ‘बँदी’ या परफ्यूमच्या तयार मिश्रणात एवढ्या प्रमाणात ते घालण्याचं धाडस काय होतं ते समजतं.

चामड्यासाठी खऱ्या वस्तू हुंगा, आणि त्या वेगवेगळ्या हव्यात. कोरी कोल्हापुरी चप्पल घ्या: बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, सालीचा तुरट वास, थोडं तेल. मग धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या दुकानात क्रोम पद्धतीनं कमावलेल्या चामड्याची बॅग उघडून आत नाक घाला: तिथे चामड्यापेक्षा रंग, फिनिश आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास जास्त. तिसरं स्वेड, म्हणजे आतल्या बाजूचं लवदार कातडं, ज्याचा वास मऊ आणि जवळजवळ पिठूळ असतो. चामडं-आयरिस परफ्यूम यांपैकी कुठलं चामडं दाखवतंय हे आधी ठरवायचं. स्वेडकडे जाणाऱ्यांत आयरिस सहज मिसळतं. बर्च टारच्या वाटेनं गेलेल्यांत परफ्यूमरची खरी परीक्षा असते. अत्तरवाल्यांकडे चोया नख मिळालं तर तेही हुंगून ठेवा. शिंपल्यांना आच देऊन काढलेला तो धुरकट, समुद्री अर्क आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या मिश्रणांत धुराची बाजू तो सांभाळत आला आहे. बर्चचा धूर आणि चोयाचा धूर यांत फरक करता येऊ लागला की बऱ्याच ‘ओरिएंटल लेदर’ नावांची हवा निघून जाते.

आता प्रत्यक्ष तपासणी. पूर्ण बाटलीवर हात टाकण्याआधी 2 मिलिलिटरचा डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला नमुना) घ्या. एका दाबात साधारण 0.1 मिलिलिटर धरला तर वीसेक फवारे होतात आणि एवढे पुरतात. परफ्यूम ज्वलनशील असल्यानं कुरिअर बहुधा जमिनीवरून येतं आणि उशिरा पोचतं. एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या टेम्पोतून आलेली कुपी लगेच वापरू नका, दोन दिवस अंधारात पडू द्या. कुपी तिरकी करून बघा. झाकणाच्या कडेला ओल असेल तर अल्कोहोल उडालेलं आहे आणि जे उरलंय ते मूळ प्रमाणापेक्षा घट्ट आहे. अशा कुपीवरून मत बनवू नये.

पट्टीसाठी व्हिजिटिंग कार्ड किंवा टिश्यू चालत नाही, त्यांना स्वतःचा वास असतो. जलरंगाचा 300 जीएसएम कागद घेऊन बोटाच्या रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. नाव पेन्सिलनं लिहा. मार्करच्या शाईचा वास चामड्याच्या वरच्या छटांत मिसळून गोंधळ करतो. दहा-पंधरा सेंटिमीटरवरून एक फवारा, मग अर्धा मिनिट थांबायचं. पट्ट्या दोन करा: एक एसी खोलीत, एक पंख्याच्या खोलीत. स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीपुढे कुणाचंच चालत नाही. पावसाळ्यात हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर असतो तेव्हा दोन्ही पट्ट्यांतला फरक उघड दिसतो: बाहेरच्या पट्टीवर गोड आणि राळ फुगून बसतात, आयरिसची थंड रेघ मागे पडते. जे परफ्यूम दोन्ही ठिकाणी ओळखू येतं, ते मुंबईत चालेल.

त्वचेवर लावताना मनगट टाळा. बऱ्याच जणांच्या घड्याळाला चामड्याचा पट्टा असतो, घाम मुरलेला, आणि तासाभरानं तुम्ही परफ्यूमऐवजी पट्ट्याचंच कौतुक करत बसता. कोपराची आतली बाजू बरी. त्या दिवशी चंदनाचा साबण, पावडर, सुगंधी तेल काही नको. एकच फवारा, घासायचं नाही. मग 1 मिनिट, 15 मिनिटं, 1 तास, 2 तास, 4 तास, 8 तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द लिहून ठेवायचे. ‘छान’ हा शब्द वर्ज्य. ‘गाजर’, ‘कणीक’, ‘रबर’, ‘धूर’, ‘ओली भिंत’ असलं काहीतरी ठोस.

मध्येच वास गायब झाल्यासारखा वाटला तर घाबरू नका. आयोनोन-इरोन कुळाची ही खोडच आहे: नाक काही श्वासांत थकतं आणि थोड्या वेळानं वास परत येतो. कॉफीच्या बिया हुंगून विशेष फायदा होत नाही, मोकळी हवाच बरी. सतत नाक लावून बसण्यापेक्षा उठून दहा मिनिटं फिरून या. आणखी एक गोष्ट म्हणजे बीटा-आयोनोन काही माणसांना जन्मतःच नीट कळत नाही, त्यामागे OR5A1 या जनुकातला फरक असतो. तेव्हा घरातल्या निदान एका माणसाला हुंगायला लावा. तुम्हाला नुसतं चामडं येतंय आणि समोरच्याला व्हायोलेट, असं झालं तर दोष परफ्यूमचा नाही.

पहिल्या तासाभरात लक्ष ठेवायचं ते एवढ्यावरच की वरची बर्गमॉट-वेलची उतरताना मध्ये खड्डा पडतो का. स्वस्तात उरकलेल्या कामात वीस-पंचवीस मिनिटांनी काही क्षण काहीच नसतं आणि मग एकदम तळ वर येतो. खरी कसोटी पुढची. दुसऱ्या तासाला पट्टी नाकापासून जरा लांब, वीतभर अंतरावर धरा. जवळून आयरिस आणि लांबून चामडं असं वेगवेगळं येत असेल तर दोन्ही नुसते शेजारी ठेवलेत. दोन्ही अंतरांवर तीच मिश्र छटा येत असेल, कोरडी, किंचित कडवट, पिठूळ, तर सांधा जमलाय. चौथ्या तासाला तेच पुन्हा. तिथे गाजर किंवा माती यांचा मागमूस शिल्लक असेल तर ओरिस हात राखून घातलेलं नाही असं धरायला हरकत नाही.

बिघाड ठरावीक प्रकारचे असतात. बर्च टार जास्त झालं की चुलीचा धूर आणि डांबर, त्याखाली आयरिस चेपलं जातं. क्विनोलिन जास्त झालं की सायकलची ट्यूब. केशर-रास्पबेरीच्या वाटेनं केलेलं चामडं पहिल्यांदा भारी वाटतं, पण त्याच्या फळकट गोडव्यात आयरिस मुरंब्यातलं वाटायला लागतं. ही फॅशन आता जुनी झाली, आणि माझ्या मते लवकर गेली तर बरंच. व्हॅनिला किंवा टोंका (गोड वासाचं बी) जास्त असेल तर चौथ्या तासाला सगळं टाल्कमच्या डब्यात जाऊन पडतं. आणि ओरिसचा मातकट भाग जास्त ओढला, वर भरीला ओलसर पॅचुली दिली, तर जुलैतल्या कपाटात बुरशी धरलेल्या चामड्याच्या पर्सचा वास येतो. युरोपात याला ‘आर्चिव्हल’ वगैरे म्हणत असतील. मुंबईत तो वास कुणालाही लगेच ओळखू येतो आणि नको असतो.

तुलनेला दोन-तीन मापं जवळ असावीत. परफ्यूमर ऑलिव्हिए पोल्जचं 2005 चं डिओर ओम हे आयरिसला लिपस्टिक-कोकोकडे नेणारं आणि चामडं मागे ठेवणारं. त्यातलं आयरिस मोठ्यानं बोलतं, म्हणून शिकायला सोपं. पण 2020 मध्ये याच नावाखाली लाकडी वासाची वेगळीच रचना आली, तेव्हा डिकँट मागताना वर्ष विचारून घ्या, नाहीतर आयरिसच्या नावानं भलतंच हाती येईल. शनेलचं क्यूर द रुसी, मूळ अर्नेस्ट बोचं 1920 च्या दशकातलं, हे या जातीचं घराणं: आल्डिहाइड (साबणी, चमकदार वासाची द्रव्यं), फुलं, आयरिस, खाली धूर. पार्फम द’एम्पायरचं क्यूर ऑटोमान निश बाजूनं, राळ आणि चामडं वजनदार. नवं परफ्यूम या तिघांत कुठे बसतं हे ठरलं की दुकानातल्या वर्णनाची गरज उरत नाही.

घालण्याबद्दल थोडं. सकाळच्या भरलेल्या लोकलमध्ये टारवालं चामडं लावून शिरणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. ऑफिसला एक फवारा, शर्टाच्या आत छातीवर. दुसरा हवाच असेल तर एसीत पोचल्यावर. पांढऱ्या कपड्यावर मारू नका, टार आणि राळेचे पिवळट डाग पडतात. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा, खोक्यासकट. कालांतरानं रंग गडद झाला तर लगेच फेकू नका, व्हॅनिलिननं तसं होतं. सुरुवातीलाच टर्पेंटाइनसारखा आंबट झणका आला तर मात्र वरची लिंबूवर्गीय तेलं उतरली आहेत.

शेवटी विकत घ्यायचा हिशेब. मुंबईत या जातीला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून घामात आयरिस टिकत नाही आणि पावसाळ्यात तळ चिकट होतो. आठवड्यातून तीनदा, दोन फवारे, असं चार महिने वापरलं तर साधारण 10 मिलिलिटर लागतं. पन्नासची बाटली म्हणजे पाच हिवाळे. तेवढ्यात फॉर्म्युलाही बदलतो आणि आवडही. म्हणून पहिल्या हंगामाला 10 चा डिकँट, आणि फेब्रुवारीअखेर तो संपलेला असेल तरच बाटली.